रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर किंवा फेडचे (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे) अध्यक्ष बोलले की रुपया का हलतो? आंबा निर्यातदाराने काय ऐकावं?

तुम्ही रत्नागिरीहून दुबईला हापूस पाठवता, बिल दिरहममध्ये होतं, शिवाय कर्जही आहे. म्हणून विचारलंय की या दोघांच्या बोलण्यातलं नेमकं काय लक्षात घ्यावं.

व्याजदराच्या आकड्यापेक्षा पुढचा रोख काय, ते ऐका. अपेक्षित कपात बाजाराने भावात आधीच धरलेली असते. ६ जून २०२५ ला सकाळी १० वाजता गव्हर्नर संजय मल्होत्रांनी रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, अर्ध्या टक्क्याने उतरवून ५.५० टक्क्यांवर आणला. बहुतेकांनी पाव टक्काच धरला होता. सरकारी रोख्यांचे भाव आधी चढले; भाव चढला की त्यांचा परतावा उतरतो. पण त्याच भाषणात पवित्रा 'अकोमोडेटिव्ह'चा (कपातीकडे कल) 'न्यूट्रल' (दर कुठेही जाऊ शकतो) झाला आणि आता कपातीला फार वाव नाही, असंही ते म्हणाले. झालं, दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा खाली जाण्याऐवजी वर गेला.

तुमच्या धंद्याला मात्र फेड जास्त जवळची. दिरहम डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे, त्यामुळे दिरहमचं बिल म्हणजे डॉलरचंच बिल. आंब्याच्या मोसमात फेडचा निर्णय आपल्याकडे रात्री साडेअकराला येतो आणि अध्यक्षांची पत्रकार परिषद बाराला. खरी हालचाल बहुतेक वेळा या परिषदेतच होते, रुपयात ती सकाळी ९ वाजता दिसते. २०,००० डॉलरच्या बिलावर ५० पैसे फिरले तर १०,००० रुपये इकडचे तिकडे होतात.

म्हणून फेडच्या बैठकीच्या आदल्या दिवशीपर्यंत निम्म्या बिलाचा फॉरवर्ड, म्हणजे पुढे येणारे डॉलर आजच ठरलेल्या भावाने विकण्याचा करार, बँकेत करून टाका, असं मी सांगेन. सगळ्याचा नको: माल नाकारला गेला किंवा पैसे लांबले तर करार रद्द करताना किंवा पुढे ढकलताना भावातला फरक तुमच्या अंगावर पडतो. एकाच तारखेचा करार घेऊ नका; महिन्याभरात कधीही डॉलर देता येतील असा मागा. भाव थोडा कमी मिळेल, पण दुबईचा व्यापारी आठवडाभर उशीर करतोच.

कर्जाचं म्हणाल तर ते कोणतं आहे ते पाहा. किसान क्रेडिट कार्डावरचं सवलतीचं पीककर्ज ७ टक्क्यांचं. तो दर केंद्राच्या व्याजसवलतीवर ठरतो, गव्हर्नरांच्या भाषणाने हलत नाही. रेपोशी जोडलेलं गृहकर्ज हलतं, पण लगेच नाही. बँकेला तीन महिन्यांतून किमान एकदा दर बदलावा लागतो; तुमची रीसेटची (दर बदलण्याची) तारीख मंजुरीपत्रात सापडेल.