जुने सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर घेताना

सिंगल ॲक्शन म्हणजे प्रत्येक गोळीआधी घोडा (मागचा हातोडा) अंगठ्याने चढवावा लागणारे रिव्हॉल्व्हर. ते घेताना शस्त्रपरवाना हाती आला असला तरी घाई करू नका. नाशिक शहरात तो पोलीस आयुक्तालय देते, ग्रामीण भागात जिल्हा दंडाधिकारी. दुकानात जाण्याआधी परवान्यावरचा बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचे माप) नीट वाचा आणि शस्त्रावरचा क्रमांक दुकानदाराच्या नोंदवहीशी जुळतो का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

रिव्हॉल्व्हर हाती घेताच काडतुसाचा प्रत्येक कप्पा रिकामा असल्याची खात्री करा. मग दुकानदाराला विचारून घोडा अगदी सावकाश मागे ओढा: तो पूर्ण चढेपर्यंत सिलिंडर (कप्प्यांचे फिरते नळकांडे) खटकन जागेवर अडकलाच पाहिजे, आणि हे सहाही कप्प्यांवर तपासा, कारण झीज कधीकधी एखाद्याच कप्प्यावर दिसते. चढलेला घोडा अंगठ्याने मागून ढकलल्यावर सुटत असेल, तर किंमत कितीही कमी असो, ते शस्त्र परत ठेवा.

नळीत उजेड धरून पाहा. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात पडून राहिलेल्या शस्त्राला आतून बारीक खड्डे पडलेले असू शकतात, वरची चकाकी शाबूत दिसली तरीही. माझे पहिले रिव्हॉल्व्हर मी त्याच चकाकीवर भुलून घेतले होते.

अमेरिकेच्या कोल्ट कंपनीच्या १८७३ च्या रिव्हॉल्व्हरच्या धर्तीवरील जुन्या रचनेत घोडा काडतुसावरच टेकतो आणि धक्क्यानेही गोळी सुटू शकते, म्हणून पाचच कप्पे भरून घोडा रिकाम्या कप्प्यावर ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.