गाडी थंड असताना पाहा

प्रिय पोरा,

तुझा रात्री साडेअकराचा मेसेज वाचला. एकीकडे अमरावतीची 2014 ची पोलो जीटी टीएसआय, दुसरीकडे नागपूरची 2002 ची होंडा सिटी व्हीटेक, आणि संत्र्याचे पैसे हातात आल्यापासून झोप उडालेला तू. दोन्ही गाड्यांचे ढीगभर फोटो पाठवलेस, पण एकाही फोटोत बोनेट उघडं नाही. वर लिहितोस, पोलोवाला रविवारी स्वतःच गाडी गावात घेऊन येतो म्हणतो, किती चांगला माणूस!

असेलही चांगला. पण तुझ्या दारात येईल तेव्हा ती गाडी तासभर चाललेली असेल. चाललेली गाडी पाहायची नाही लेका. रात्रभर उभी असलेली, थंडगार गाडी पाहायची, तीही तिच्या घरी जाऊन. कोणती घेऊ हे नंतर बोलू.

काहून म्हणतो ते ऐक. त्या पोलोच्या 1.2 टर्बो इंजिनात टायमिंग चेन आहे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारी साखळी. रात्रभरात तिला ताणून धरणाऱ्या टेन्शनरमधलं ऑइल उतरतं. चेन लांबलेली असेल तर सकाळच्या पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखडते. ऑइलचं प्रेशर आलं की गप्प. मग दिवसभर तिच्यासारखी गुणी गाडी नाही. पुढे कधीतरी चेन दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन उघडावं लागतं. हे सगळं त्या दोन-तीन सेकंदांत कळतं, आणि ते सेकंद तू त्या भल्या माणसाला अमरावतीतच खर्चू देणार होतास.

म्हणून आदल्या संध्याकाळी सांगून ठेव, उद्या मी येईपर्यंत चावी लावू नका. सकाळी सहाला पोहोच आणि आधी बोनेटवर हात ठेव. कोमट लागलं तर नमस्कार करून परत फिर. लोक मला यावरून चक्रम म्हणतात, गिऱ्हाईक पळवतो म्हणतात. म्हणू देत. हे मी कुठून शिकलो ते विचारू नको. फुकट शिकलो नाही एवढं समज.

हात थंड लागला तर बोनेट उघड. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, मिन आणि मॅक्सच्या मधे हवं आणि त्याला त्याचा रंग हवा. गढूळ तांबूस दिसलं तर समज, कोणीतरी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलंय. आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हात अशा रेडिएटरचा काय भरवसा? सिटीच्या रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडता येतं, गरम असताना हात भाजेल. ऑइलचं झाकण काढून खालून बघ. दुधाळ साय जमली असेल तर ऑइलात पाणी मिसळतंय, बहुधा इंजिनच्या दोन भागांमधलं सील, हेड गॅस्केट, गेलंय. नुसता पातळ ओलसर थर असेल तर गाडी फार थोडी-थोडी चालते एवढंच.

मग चावी फक्त ऑनवर. इंजिनचा पिवळा दिवा पेटलाच पाहिजे आणि स्टार्ट झाल्यावर विझलाच पाहिजे. पेटतच नसेल तर कोणीतरी तो मुद्दाम मारलाय. स्टार्ट करायला मालकाला सांग, तू सायलेन्सरमागे उभा राहा. एकदाच निळा भपका आला तर व्हॉल्व्हचे सील. निळा धूर येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगा किंवा टर्बो. पांढरा धूर थांबेना आणि गोडसर वास येतोय, तर कूलंट जळतंय. सकाळी सायलेन्सरमधून चार थेंब पाणी पडतं, त्याला घाबरू नको.

आता गरम कर. गरम गाडी पाहू नको म्हणजे दुसऱ्याने गरम केलेली. आपल्या डोळ्यांदेखत तापवायचीच आहे. एसी लावून उभी ठेव, पंखा सुरू होऊन बंद होईपर्यंत तापमानाचा काटा, असेल तर, मधोमध राहायला हवा. पोलोला सात गिअरचा डीएसजी आहे, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स, कोरड्या क्लचचा, त्याला उष्णता सोसत नाही. पाऊण तास चालवून मग बाजाराच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्यात रांगव. थरथरली, रिव्हर्स उशिरा पडला किंवा झटका दिला तर क्लच नाहीतर मेकाट्रॉनिक, म्हणजे गिअरबॉक्स चालवणारं युनिट. ते काम तालुक्याच्या गॅरेजमध्ये होत नाही, आणि बिल ऐकून संत्रा आंबट लागेल.

सिटीला चेन नाही, त्याच कामाला बेल्ट आहे. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेलाच नाही असं धर, मालक आईची शपथ घेत असला तरी. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदलायचे. आणि तिची आरसी नीट वाच: नोंदणीची 15 वर्षं 2017 ला संपली, पुढे पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण, म्हणजे 2027 ला पुन्हा आरटीओच्या दारात. पर्यावरण कर वेगळा.

काळ्या मातीवरचे आपले रस्ते लाटांसारखे उठलेले असतात. अशा रस्त्यावर काचा खाली करून वीसच्या वेगाने चालव. टकटक आली तर सस्पेन्शनचा लिंक रॉड, धपधप आली तर लोअर आर्मचे बुश किंवा शॉकअपचे माउंट. स्प्रिंगा कापून खाली बसवलेली गाडी असेल तर तिथेच सोड, चर्चा नको. टायरवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही छान असो, सहा वर्षांचा टायर घालून मे महिन्यात समृद्धीवर 120 ने जायचं नाही. आणि टायरची हवासुद्धा थंड असतानाच मोजायची, बघ, तिथेही तेच.

कागद: मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35, बाकी चलनं आधी भरून घे. विमा 14 दिवसांत नावावर कर. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची विम्यातली सूट, जुन्या मालकाचा, तो तुला मिळत नाही. दलाल मिळतो म्हणेल.

एकूण पैशांतला चौथा हिस्सा गाडीच्या किमतीत घालू नको, बाजूला ठेव. टायर, ब्रेक ऑइल, बेल्ट किंवा चेन, सगळे फिल्टर यात तो पहिल्या महिन्यातच जाईल. यावर तू तोंड वाकडं करणार, माहीत आहे. मग थोडी स्वस्त गाडी बघ.

पोलोवाल्याला आज कळव, तुम्ही येऊ नका, मीच येतो. शनिवारी अमरावतीला मुक्कामाला जा, रविवारी सहाला त्याच्या दारात. स्टार्ट करताना मोबाईल बोनेटजवळ धरून आवाज रेकॉर्ड कर आणि मला पाठव. बोनेट कोमट निघालं तर काही पाठवू नको, चहा पिऊन पहिल्या एसटीने परत ये.

तुझा,
काका