अँड्रॉइड विजेट होम स्क्रीनवरून काढलं तरी मागचं (बॅकग्राउंडमधलं) काम चालूच राहतं, काय करू?

बहुतेक तुम्ही काम ऑनअपडेटमध्ये (विजेट ताजं करायचं असलं की अँड्रॉइड बोलावतं ते फंक्शन) सुरू केलंय आणि थांबवायचं कुठेच लिहिलेलं नाही. पहिलं विजेट ठेवलं की ऑनएनेबल्ड येतं, शेवटचं काढलं की ऑनडिसेबल्ड. वर्कमॅनेजरचं (बॅकग्राउंडची कामं चालवणारी लायब्ररी) काम ऑनएनेबल्डमध्ये लावा, ऑनडिसेबल्डमध्ये रद्द करा. ऑनडिलीटेड मात्र प्रत्येक विजेट काढताना येतं. तिथे फक्त त्या विजेटच्या आयडीची सेटिंग्ज पुसा. मी एकदा तिथेच सगळं रद्द करून बसलो होतो. दोनातलं एक विजेट काढलं आणि दुसऱ्यातलं तापमान दिवसभर 24 अंशांवरच अडकलं! प्रोव्हायडरच्या (ही सगळी फंक्शन्स असतात तो क्लास) व्हेरिएबलमध्येही काही साठवू नका, तो शेवटी ब्रॉडकास्ट रिसीव्हरच, म्हणजे सिस्टमचा संदेश आला की तेवढ्यापुरता येणारा, काम झालं की गेला. आणि हो, अपडेटपिरियडमिलिसमध्ये (किती वेळाने अपडेट हवं ते सांगणारी सेटिंग) 5 मिनिटं लिहिलीत तरी 30 मिनिटांच्या आत अपडेट येणार नाही.