सागरी प्रवाहाला ‘उगम’ असतो का?

प्रश्न असा आहे. एका भाषांतरात ‘उष्णकटिबंधातील सागरी प्रवाहांच्या उगमस्थानांचा संगणकीय प्रारूपांद्वारे शोध’ असं वाक्य होतं. तपासणाऱ्यांनी ‘उगमस्थानांचा’ खोडून ‘स्त्रोतांचा’ केलं. यात बरोबर कोण?

आधी सोपं उरकून घेऊ. ‘स्त्रोत’ असा शब्द नाही, ‘स्रोत’ आहे. धातू ‘स्रु’, म्हणजे वाहणं, पाझरणं. पहिल्या जोडाक्षरात ‘त’ येण्याचं काहीच कारण नाही. ‘स्राव’चा ‘स्त्राव’ आणि ‘सहस्र’चा ‘सहस्त्र’ होतो तो याच सवयीने.

आता अर्थ. संस्कृतात ‘स्रोतस्’ म्हणजे प्रवाहच. गीतेच्या दहाव्या अध्यायात ‘स्रोतसामस्मि जाह्नवी’ येतं, तिथे कृष्ण ‘वाहणाऱ्यांमध्ये मी गंगा’ म्हणतो आहे, ‘उगमांमध्ये’ नव्हे. आज मराठीत ‘उत्पन्नाचा स्रोत’ सर्रास चालतो आणि त्याला माझी हरकत नाही. शब्दांचे अर्थ सरकतातच. पण ‘प्रवाहाचा स्रोत’ लिहिलं की संस्कृत जाणणाऱ्याला ‘प्रवाहाचा प्रवाह’ ऐकू येतं. निदान या एका जागी तरी तो शब्द टाळावा.

मग ‘उगम’ बरोबर? इथे भाषेपेक्षा समुद्र जास्त बोलतो.

‘उगम’ आला ‘उद्गम’वरून, म्हणजे वर येणं, बाहेर पडणं. डोंगरात एका जागी पाणी वर येतं, तिथून नदी निघते. सागरी प्रवाहाला अशी जागा नसते. प्रशांत महासागरातला विषुववृत्तीय अधःप्रवाह घ्या. पृष्ठभागावरचं पाणी व्यापारी वाऱ्यांबरोबर पश्चिमेकडे जातं, आणि त्याच्या खाली हा प्रवाह सेकंदाला मीटरभर वेगाने उलटा, पूर्वेकडे धावतो. पश्चिमेला तो साधारण 200 मीटर खोल असतो, पूर्वेकडे जाता जाता वर चढतो. 1952 साली मासेमारीच्या प्रयोगात खोल सोडलेल्या दोऱ्या पृष्ठप्रवाहाविरुद्ध पूर्वेला जाताना दिसल्या आणि समुद्रशास्त्रज्ञ टाउनसेंड क्रॉमवेल यांच्या हाती हा प्रवाह लागला. म्हणून त्याला क्रॉमवेल प्रवाहही म्हणतात.

याचा ‘उगम’ कुठे? प्रश्नात दोन प्रश्न लपले आहेत. एक, हा प्रवाह वाहतो का? वारे पाणी पश्चिमेला लोटतात, तिथे समुद्राची पातळी पूर्वेपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच होते, आणि वाऱ्याचा जोर जिथे पोचत नाही तिथे खालचं पाणी त्या उतारावरून परत पूर्वेला सरकतं. नेमक्या विषुववृत्तावर पृथ्वीच्या फिरण्यामुळे पाण्याला बाजूला वळवणारा जोर शून्य होतो, म्हणून ते सरळ जातं. हे झालं कारण. दोन, त्यातलं पाणी कुठलं? ते आलेलं असतं दूरच्या उपोष्ण, म्हणजे उष्णकटिबंधाच्या कडेच्या, समुद्रांतून. बरंचसं दक्षिणेकडून न्यू गिनीच्या किनाऱ्यालगत, व्हिटियाझसारख्या सामुद्रधुन्यांतून येतं, आणि काही उत्तरेकडून, फिलिपिन्समधल्या मिंदानाओ बेटाच्या बाजूने. कारण एकीकडे, पाणी दुसरीकडचं. ‘उगम’ म्हटलं की दोन्ही एकाच खड्ड्यात पडतात.

संगणकीय मॉडेल हा दुसरा प्रश्न कसा सोडवतं, ते पाहिलं की योग्य शब्द आपोआप सुचतो. मॉडेलमध्ये समुद्र चौकटींत कापलेला असतो, आणि प्रत्येक चौकटीत पाणी कुठल्या दिशेने किती वेगाने चाललंय याची नोंद दर काही दिवसांची साठवलेली असते. शोधणारे प्रवाहाच्या मध्यात, समजा 140 अंश पश्चिम रेखांशावर, आभासी कण सोडतात आणि काळ उलटा चालवतात. आज इथे असलेला कण काल कुठे होता, परवा कुठे, असं करत करत तो पश्चिमेला सरकतो, बेटांच्या फटीत शिरतो, किनाऱ्याला वळसा घालतो, आणि मॉडेलमधली काही वर्षं मागे गेल्यावर उपोष्ण समुद्राच्या पृष्ठाजवळ जाऊन पोचतो. एकट्या कणावर कोणी भिस्त ठेवत नाही. पाण्यात विरघळलेली शाई काळ उलटा फिरवून गोळा होत नसते, तसंच वाटेत मिसळलेलं पाणी या हिशेबाने सुटं होत नाही. म्हणून हजारो-लाखो कण सोडायचे आणि कुठल्या वाटेने किती आले ते मोजायचं.

याला मराठीत नेमका शब्द आहे: माग काढणं. ‘माग’ म्हणजे ‘मार्ग’च, पण जाऊन गेलेल्याचा. ‘शोध’ फार ढिला आहे, तो तर हरवलेल्या किल्ल्यांचाही घेतात.

आणि ‘उगमस्थान’ऐवजी मी ‘मूळ’ घेईन. ‘नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये’ असं म्हणणाऱ्यांनीही ‘उगम’ म्हटलं नाही, हे गंमतीचं आहे. शिवाय उगम म्हटला की एकच जागा डोळ्यांसमोर येते, मुळं मात्र अनेक असतात, वेगवेगळ्या दिशांनी येऊन एका खोडाला मिळतात. या प्रवाहाचं अगदी असंच आहे.

तर वाक्य मी असं करेन: ‘उष्णकटिबंधातल्या सागरी प्रवाहांचं पाणी मुळात कुठून येतं, याचा संगणकीय मॉडेलांच्या मदतीने काढलेला माग’. लांबलं खरं, पण संदिग्ध नाही. ‘प्रारूप’ ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा. प्रयोगशाळेत सगळे ‘मॉडेल’च म्हणतात.

जाता जाता, त्याच लेखात अशा खालच्या प्रवाहासाठी ‘अंतःप्रवाह’ असेल तर तोही बदला. तो शब्द आपण कवितेतल्या दुःखाच्या अंतःप्रवाहासाठी वापरून टाकलाय. ‘तळप्रवाह’ तर नकोच, कारण तिथे तळ सुमारे चार किलोमीटर खाली आहे आणि हा प्रवाह पृष्ठापासून दोन-तीनशे मीटरांतच संपतो. ‘अधःप्रवाह’ बरा.