बोअरला काळा दगड लागला म्हणून आर्सेनिक असणारच का?

"गोव्यात सत्तरी तालुक्यात बोअर मारली, काळा दगड लागला. तो ज्वालामुखीचा, म्हणजे पाण्यात आर्सेनिक आणि फ्लोराइड असणारच. सरळ आरओ बसवू का?" असं तुम्ही विचारलंय. आरओचे पैसे तूर्त खिशातच ठेवा, आधी सामू (पाण्याचा pH) मोजा.

काळा दगड दिसला की तो दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा खडक, असं गोव्यात म्हणता येत नाही. तो इथे ईशान्येच्या घाटाकडेच आहे. शिवाय बेसॉल्टमध्ये आर्सेनिक मुळातच कमी. अर्जेंटिनात त्याचा त्रास झाला तो सिलिकायुक्त ज्वालामुखी राखेमुळे. फ्लोराइडची गोष्ट वेगळी. यवतमाळकडे त्याचा त्रास आहे. पाणी खडकात फार काळ मुरलं की सामू ८ च्या वर चढतो, कॅल्शियम घटतं, आणि फ्लोराइडला धरून ठेवणारं काही उरत नाही. आपल्याकडे पाऊस धो धो, वर जांभा. पाणी बहुधा मऊ आणि आम्लधर्मी. तुमचा सामू ६.५ च्या खाली आला तर पहिला संशय लोह आणि मँगनीजवर घ्या. तांब्यात भरताना नितळ, तासाभराने तांबूस, ही लोहाची खूण. असं पाणी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आणि पितळी नळही खातं, त्यातून शिसं उतरू शकतं.

नमुना टाकीतून नको. पंप १५-२० मिनिटं चालवून बोअरच्या तोंडाशीच घ्या. सामू तिथल्या तिथे मोजा, कारण कर्बवायू उडाला की तो वाढतो. बाटल्या दोन, दोन्ही प्लास्टिकच्या; फ्लोराइडला काच चालत नाही. धातूंसाठीची बाटली लॅबकडून नायट्रिक आम्ल घातलेली घ्या, विसळू नका. आम्ल नसेल तर लोहाचा गाळ बसतो, आर्सेनिक त्यालाच चिकटतं आणि अहवाल उगाच छान येतो. भारतीय मानकात आर्सेनिक ०.०१, फ्लोराइड १ (दुसरा स्रोतच नसेल तर १.५), मँगनीज ०.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर.

लोह निघालं तर पाणी फवाऱ्याने टाकीत सोडा, मग संगमरवराच्या खड्यांतून सामू ७ च्या वर न्या, मग वाळूचा फिल्टर. नुसता फवारा लावून बरेच जण फसतात. कमी सामूला लोह फार सावकाश गंजतं. मँगनीज तर हवेने जवळजवळ हलतच नाही, त्याला क्लोरीन किंवा खास माध्यम लागतं.

लोह न काढता आरओ लावलात तर मेम्ब्रेन, म्हणजे त्यातला गाळणारा पातळ पडदा, लवकर चोंदेल. आर्सेनिक खरंच निघालं तर आरओच्या आधीचा क्रम असा: आधी क्लोरीन, कारण तीन-संयुजी आर्सेनिक (आर्सेनिकचं एक रूप, क्लोरीन ते बदलतं) मेम्ब्रेनमधून बरंच निसटतं, मग वाळू, मग कार्बनचा फिल्टर, नाहीतर उरलेलं क्लोरीन मेम्ब्रेन खाईल. पाणी उकळून आर्सेनिक किंवा फ्लोराइड जात नाही, उलट आटलं की प्रमाण वाढतं.