‘माझा असंतोष’ का खटकतो?

विचारणा अशी आहे. तक्रारीच्या पत्रात एकाने लिहिलं, ‘आपल्या सेवेबद्दल मी माझा असंतोष नोंदवत आहे.’ मेहुण्यांनी पत्र वाचून ‘असंतोष’ खोडला आणि ‘असमाधान’ केलं. कोशात दोन्हींचे अर्थ जवळजवळ सारखे दिसतात, मग खोडायचं कारण काय?

मेहुण्यांचा कान बरोबर आहे. शब्दाचा नुसता अर्थ पाहून भागत नाही, तो कोणत्या क्रियापदांच्या संगतीत वावरतो तेही पाहावं लागतं. असंतोष धुमसतो, खदखदतो, पसरतो, उफाळून येतो. सगळी क्रियापदं आगीची, नाहीतर आधणाची. असमाधान यातलं काहीच करत नाही. ते वाटतं, राहतं, फार तर चेहऱ्यावर दिसतं. धुमसायला आणि पसरायला पुष्कळ माणसं लागतात, म्हणून आजच्या मराठीत असंतोष बहुधा समूहाचा असतो. १९८२च्या संपाआधी गिरणी कामगारांत ‘असंतोष’ होता. त्या जागी ‘असमाधान’ घालून वाक्य म्हणून पाहा, संपाचं सगळं बळ निघून जातं.

संस्कृतात ही अट नव्हती. महाभारताच्या सभापर्वात दुर्योधन ‘असन्तोषः श्रियो मूलम्’ म्हणतो, म्हणजे वैभवाचं मूळ असंतोषात आहे. तो असंतोष त्याचा एकट्याचा आहे. शब्दाचा मूळ धातू ‘तुष्’, म्हणजे तृप्त होणं; तिथे एक माणूस की हजार हा प्रश्नच नाही. मग मराठीत हा शब्द इतका सार्वजनिक कसा झाला? माझ्या मते त्याला हे वजन येण्यात टिळकांशी जोडलेल्या बिरुदाचा मोठा वाटा आहे.

‘भारतीय असंतोषाचे जनक’ हे शब्द आपण शाळेपासून ऐकतो. ते मूळचे व्हॅलेंटाईन चिरोल या ब्रिटिश पत्रकाराचे. त्याच्या ‘इंडियन अनरेस्ट’ या १९१०च्या पुस्तकात ते आरोप म्हणून आले होते. टिळकांनी त्या पुस्तकावरून लंडनला जाऊन अब्रुनुकसानीचा दावा लढवला आणि १९१९ साली निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. पण मराठीने त्या आरोपाचं काय केलं ते फार विलक्षण आहे. ‘अनरेस्ट’चा शब्दशः अर्थ अशांतता. अशांतता राज्यकर्त्याला दिसते, त्याला बंदोबस्त करायचा असतो. असंतोष लोकांच्या पोटात असतो आणि त्याला कारण असतं. ‘अशांततेचे जनक’ म्हटलं असतं तर दंगेखोर वाटला असता. ‘असंतोषाचे जनक’ म्हटल्याबरोबर पुढारी उभा राहिला. एका शब्दाच्या निवडीने आरोपाची पदवी झाली. हा अनुवाद मला दर वेळी नव्याने आवडतो.

(जाता जाता: भारतीय दंड संहितेत २०२४पर्यंत असलेल्या राजद्रोहाच्या १२४-क कलमाच्या मराठीत ‘अप्रीती’ हा शब्द होता. टिळकांवरच्या १८९७च्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ‘डिसअफेक्शन’ या मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ असाच लावला होता. बोलण्यात मात्र ‘अप्रीती’ कधी रुळली नाही.)

आता असमाधान. ‘समाधान’ म्हणजे मूळात नीट एकत्र ठेवणं, चित्त ठिकाणावर असणं. ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे । चित्ती असो द्यावे समाधान’ यात तुकोबांनी त्याची जागाच सांगून टाकली आहे: चित्तात. पाहुण्याला पानावर ‘समाधान झालं ना?’ विचारतात तेव्हाही पोटाबरोबर मनाची चौकशी असते. हिंदीत समाधान म्हणजे उकल. मराठीत तो अर्थ शंकेपुरता आहे, शंकेचं समाधान करतात. हल्ली ‘समस्येचं समाधान’ ऐकू येतं, ते मला पटत नाही, समस्या सोडवावी.

विशेषणांत फरक आणखी ठळक होतो. ‘असमाधानी’ हा स्वभाव आहे, त्या माणसाला काही दिलं तरी पुरत नाही. ‘असंतुष्ट’ला काहीतरी कारण असतं, आणि वर्तमानपत्रांनी तो शब्द जवळजवळ पक्षातल्या बंडखोरांना देऊन टाकला आहे. म्हणून पत्रात ‘मी असमाधानी आहे’ असंही लिहू नये, दोष सेवेचा न राहता स्वतःकडे येतो.

राहिली नाराजी. ‘राजी’ म्हणजे कबूल, खूश. अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द. नाराजी कुणावर तरी असते: वडिलांची मुलावर, कार्यकर्त्यांची नेत्यावर. ती ओढवून घेता येते, पत्करता येते, आणि समजूत घातली की जातेही. तिच्यात नात्याची अपेक्षा शिल्लक असते. असंतोष समजूत घालून जात नाही, त्याचं कारण दूर करावं लागतं.

तेव्हा पत्रात सरळ लिहावं: ‘आपल्या सेवेने माझं समाधान झालेलं नाही.’ आणि गावातल्या दोनशे ग्राहकांनी मिळून सह्या केल्या असतील, तर मेहुण्यांनी खोडलेला शब्द खुशाल परत घालावा.