नव्या फोनच्या पॅनेलला बारीक फट आहे, बटण हलतंय, सर्व्हिस सेंटरला द्यावा का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. निपाणीत राहता, फोन कोल्हापुरातून घेतला, १२ दिवस झाले. व्हॉल्यूमचं बटण बोटाने हलवलं की टकटक हलतंय, मागच्या पॅनेलच्या खालच्या कोपऱ्यात नख लागेल इतकी फट आहे, आणि कानाजवळ धरून हलवला की कॅमेऱ्यातून खडखड येते. बाकी फोन ठणठणीत. ३० हजार घातलेत, डोळा सारखा त्या कोपऱ्यावरच जातोय, तर सर्व्हिसला द्यावा का.

देऊ नका. निदान आत्ता तरी नको. दोन महिने एका गोष्टीवर नजर ठेवायची, ती कुठली ते सांगतो, पण आधी माझी फजिती ऐका, कारण मी नेमकं हेच करून बसलोय.

मी बेळगावला उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, म्हणजे तयार मालाची मापं तपासतो. दिवसभर व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि ऑपरेटरशी वाद, एवढंच काम. असल्या माणसाच्या हातात नवीन फोन आला तर तो काय करणार, पहिल्याच आठवड्यात मी तो शॉपमध्ये नेला आणि जेवणाच्या सुट्टीत सर्फेस प्लेटवर, म्हणजे एकदम सपाट पाटावर, उताणा ठेवून फिलर गेज लावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फिलर गेज म्हणजे पोलादाच्या पातळ पात्यांचा जुडगा, प्रत्येक पातीवर मिमीमध्ये जाडी लिहिलेली असते, फटीत कुठली पाती जाते त्यावरून फट किती ते कळतंय. डाव्या बाजूला ०.१० ची पाती आरामात गेली, ०.१५ ची अडकली. उजव्या बाजूला ०.०५ पण जाईना. झालं, डोक्यात किडा शिरला. एक बाजू पॅक आणि दुसरीला फट म्हणजे पॅनेल तिरकं बसलंय, आणि हे कंपनीच्या क्वालिटीवाल्याला कसं काय दिसलं नाही, आम्ही असला जॉब (मशीनवर केलेला नग) पाठवला असता तर गिऱ्हाइकानं गाडीभर माल परत पाठवला असता वगैरे वगैरे.

आमच्याकडे लेथवर एक जुने मामा आहेत, रिटायर व्हायला आलेत. ते माझ्याकडे बघत डबा खात होते. म्हणाले, "पास झालेला जॉब परत मशीनला कशाला चढवूलालास रे?" मी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर हे उत्तर लिहायची वेळ आली नसती.

जुलैत फोन दिला. कुठली कंपनी, कुठलं सेंटर ते लिहीत नाही, गरज नाही. काउंटरवरचा पोरगा चांगला होता, त्याने फोन हातात फिरवून बघितला आणि म्हणाला सर हे तर सगळ्याच फोनला असतंय. पण मी क्वालिटीचा माणूस, मी त्याला आकडे सांगितले. मग त्याने गुपचूप जॉब शीट, म्हणजे दुरुस्तीची पावती, काढली. पार्ट यायचा होता, रोज फोन केला की "नाळे बर्री", उद्या या. अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसात सिम घरातल्या जुन्या फोनमध्ये घातलं, यूपीआय परत सगळं रजिस्टर करायला लागलं, त्या फोनची बॅटरी दुपारी दोनला मान टाकायची.

फोन परत आला. घरी न जाता तडक शॉपमध्ये गेलो आणि गेज लावला. डावी बाजू पॅक. उजव्या बाजूला ०.२० ची पाती सरळ आत! म्हणजे फट गेली नव्हती, बाजू बदलून दुप्पट होऊन आली होती. वर कडेला वाळलेल्या गोंदाची केसाएवढी रेघ, नखाने खरवडली तर रबरासारखी निघाली. मामांना दाखवायचं धाडस झालं नाही.

ते पण चाललं असतं. ऑगस्टात जांबोटीकडे गेलो होतो, तिकडचा पाऊस तुम्हाला माहीत असेलच, जोरात पडतो असंही नाही पण थांबत नाही. फोन खिशात, वर रेनकोट. पोचल्यावर फोटो काढायला घेतला तर सगळं धुकट. वाटलं बाहेरच धुकं आहे. मग बघतो तर कॅमेऱ्याच्या काचेला आतून वाफ धरलेली. आधी हाच फोन त्याच पावसात फटीसकट भिजला होता, काही झालं नव्हतं.

यातलं कारण समजून घ्या, सगळा मुद्दा इथेच आहे. बाहेरून जिथे फट दिसते तिथे पाणी अडत नसतंय. पाणी अडवतो तो आतला गोंदाचा पट्टा, पॅनेलच्या खाली फ्रेमभर गोल फिरवलेला. तुमच्या कोपऱ्यातली फट म्हणजे फक्त वरच्या दोन कडा जुळलेल्या नाहीत इतकंच. फॅक्टरीत तो पट्टा लावून पॅनेल फिक्श्चरमध्ये, म्हणजे घट्ट धरणाऱ्या चौकटीत, ठेवून ठरलेल्या दाबाने, ठरलेला वेळ दाबतात. सर्व्हिस सेंटरमध्ये काय होतंय, फोन गरम प्लेटवर ठेवून गोंद मऊ करायचा, पातळ पट्टी घालून पॅनेल उचकटायचं, जुना गोंद खरवडायचा, नवीन पट्टा लावायचा आणि क्लिपा लावून ठेवायचं. पोरगा मन लावून करतो, पण त्याच्यापुढे दिवसाचे पंधरा फोन असतात आणि फॅक्टरीचं फिक्श्चर त्याच्याकडे नसतंय. जुना गोंद एका जागी राहिला की तिथे पॅनेल उचललं जाणार, हे आमच्या धंद्यातल्या कुठल्याही पोराला विचारा. आयपी ६८ (धूळ-पाण्यापासून बचावाचं रेटिंग) लिहिलंय म्हणून फुशारकी मारतो आपण, पण ते टेस्टिंग नव्या, न उघडलेल्या फोनचं असतंय, गोड्या पाण्यात, ठराविक खोलीला, ठराविक वेळ. आणि गंमत म्हणजे आयपी ६८ लिहिलेल्या फोनची वॉरंटी सुद्धा बहुतेक कंपन्या पाणी गेलं की नाकारतात. सिम ट्रेच्या भोकात आत एक पांढरा ठिपका असतो बऱ्याच फोनला, पाणी लागलं की लाल होतो. माझा लाल झाला होता. तोच दाखवून मला म्हणाले वॉरंटीत नाही.

दुसरी गोष्ट, नवीन पॅनेल आणलं म्हणून फट जाईल कशावरून? ते पण त्याच डायमधून, म्हणजे साच्यातून, निघालेलं असतंय. फ्रेम थोडी मोठी, पॅनेल थोडं लहान, दोन्ही आपापल्या टॉलरन्समध्ये (मापात चालणाऱ्या थोड्या फरकात) पास, पण एकत्र आले की फरक साठतो आणि फट दिसते. दोन्ही जॉब बरोबर आणि जोडणी चूक असं रोज होतंय आमच्याकडे. पार्ट बदलून ते जात नाही, नशिबानं जुळलं तर जुळलं.

आता तुमचं एकेक बघू.

बटण हलतंय ते सोडून द्या. बटणाला प्ले, म्हणजे हलायला थोडी जागा, ठेवायलाच लागतो, नाहीतर धूळ, घाम गेल्यावर ते आतच अडकून बसेल. दाबल्यावर टिक् असं स्वच्छ लागतंय का, एकदा दाबलं की एकदाच आवाज वाढतोय का, एवढं बघा.

खडखड. कॅमेरा ॲप उघडा आणि चालू असताना फोन हलवा. आवाज बंद झाला किंवा एकदम कमी झाला तर ते ओआयएस आहे, म्हणजे फोटो हलू नये म्हणून आतली लेन्स तरंगती ठेवलेली असते, कॅमेरा बंद असला की तिला कोणी धरत नाही म्हणून ती खुळखुळते. बिघाड नाही. फक्त बाईकच्या हँडलला फोन लावत असाल तर बंद करा, ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलंय की मोठ्या बाईकच्या इंजिनाची थरथर हँडलमधून फोनला लागली तर कॅमेऱ्याची ही यंत्रणा खराब होऊ शकते, आणि आपल्या रस्त्यांची थरथर त्यात वेगळी धरायची.

राहिली फट. नजर ठेवायची ती हिच्यावर. जन्मापासून असलेली फट आणि वाढणारी फट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फिलर गेज नसला तरी झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१० मिमीचा असतो. त्याची अरुंद पट्टी कापा, फटीवर टेकवा, जबरदस्ती करायची नाही. किती कागद एकावर एक जातात ते लिहून ठेवा, तारीख टाका, त्याच खिडकीत त्याच उजेडात एक फोटो काढा. दर पंधरा दिवसांनी परत. दोन महिने एकच कागद जातोय तर विषय संपला, विसरा. आज एक, पंधरा दिवसांनी दोन, मग तीन असं व्हायला लागलं, किंवा काचेवर सपाट ठेवलेला फोन कॅमेऱ्यामुळे डोलतो त्यापेक्षा जास्त डोलायला लागला, स्क्रीनची एक कड उचलली, तर बॅटरी फुगतेय असं समजा. आत गॅस होऊन लिथियमची बॅटरी फुगते, ती पॅनेल ढकलते. तेव्हा थांबायचं नाही. चार्जिंग बंद, फोन बंद, बोटाने दाबून "बसवायचा" प्रयत्न अजिबात नाही, त्याच दिवशी सेंटरला. तिथे मी सांगितलेलं "देऊ नका" लागू नाही.

तसंच स्क्रीनवर हिरवी रेघ, लेन्सच्या आत धूळ, स्पीकर फाटल्यासारखा, चार्जिंगची पिन सैल, हे असलं काही असेल तर वॉरंटीत द्याच, त्याला लाजायचं नाही.

खरं तर १२ दिवसांपूर्वी विचारलं असतं तर उत्तर वेगळं होतं. पहिल्या काही दिवसात दुकानदाराकडे बदलून मिळतो का हे बघायचं असतंय, दुरुस्ती नव्हे. ऑनलाइनला बऱ्याचदा ७ दिवस असतात. दिसण्यातल्या दोषाला तिथेही खळखळ करतात पण भांडायला जागा असते. आता ती वेळ गेली.

आणि कधी द्यायची वेळ आलीच, तर. घरीच सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा, जॉब शीटवर "किरकोळ ओरखडे" असं ते आपल्या मनाने लिहितात, सही करण्याआधी वाचा, नसतील तर खोडायला लावा. तक्रार तुमच्या शब्दात लिहायला लावा. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून घ्या आणि शीटवरच्याशी ताडून बघा. बॅकअप, आणि फोन रीसेट करूनच द्या, पिन सांगायचा नाही, सॅमसंगला मेंटेनन्स मोड आहे तो चालू केला तरी चालतंय. भाषेची काळजी करू नका, शीट इंग्रजीत, पोरगा कन्नड, तुम्ही मराठी आणि भांडण हिंदीत, सगळं व्यवस्थित होतंय. भाषेचं राजकारण बोर्डावर असतंय, काउंटरवर नाही.

फोन कोल्हापूरचा आणि तुम्ही निपाणीचे, म्हणून वॉरंटीला अडचण येईल का असं खाली विचारलंय तुम्ही. अधिकृत दुकानाचं जीएसटीचं बिल असेल तर नाही, भारतात घेतलेला फोन भारतात कुठेही दाखवता येतो. तुम्हाला कोल्हापूरच जवळ पडेल. तक्रारीचं म्हणाल तर जुन्या कायद्यात कोर्ट-कचेरी दुकान किंवा कंपनीच्या गावाला करायला लागायची, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० ला लागू झाला तेव्हापासून तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे बेळगावातच तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि ५ लाखापर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरला फोन करायचा. मी तेवढ्यावरच थांबलो. जॉब शीटवर "पॅनेल बदलले" लिहिलेलं होतं, म्हटलं तुम्हीच उघडलं, तुम्हीच चिकटवलं, मग पाणी माझ्यामुळे कसं गेलं? मेल, १९१५ ची तक्रार, परत मेल. शेवटी कॅमेरा आणि पॅनेल फुकट बदलून दिलं, आणखी नऊ दिवस. पण फटीसाठी आयोगापर्यंत जाऊ नका हो, पाणी गेलं, बॅटरी फुगली आणि तरी नाकारलं तर जा.

आता माझ्या फोनला दोन्ही बाजूंनी ०.१५ जाते. मामांनी मागच्या आठवड्यात विचारलं, काय झालं रे त्या जॉबचं. म्हटलं डेव्हिएशनवर पास केला, म्हणजे मापात नाही पण चालवून घेतला.

सेंटरला जायचंच ठरवलं तर बिलाची झेरॉक्स न्या, मूळ बिल देऊ नका, आणि दुपारी दीड ते अडीच जाऊ नका, जेवायला गेलेले असतात.